संभाजीनगरात लॉज घेताना आधी वार बघा

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे न बघता खोली घेतली, की एका रात्रीचं भाडं फुकट जातं.

१. रविवार-सोमवार असाल तर रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ. सोमवार-मंगळवार असाल तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. वेरूळ साधारण ३० किमी, वाटेतच दौलताबादचा किल्ला. अजिंठा १०० किमी, त्याला अख्खा दिवस द्याच.

२. खोली रेल्वे स्टेशनपेक्षा मध्यवर्ती बसस्थानकाजवळ घ्या. दोन्हीकडच्या एसटी तिथून मिळतात, सकाळचं रिक्षाभाडं वाचतं. मात्र रस्त्याकडची खोली नको, मागची मागा; गाड्यांचा आवाज रात्रभर असतो.

३. फोनवर पहिला प्रश्न: "चेकआऊट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं?" पहाटे ५ वाजता पोहोचलात आणि नियम बाराचा असेल, तर सात तासांत एक दिवस संपतो. चोवीस तासांचं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे ५ पर्यंत खोली तुमची. उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, काउंटरवरचा माणूस बदलला की तोंडी बोलणं टिकत नाही.

सोबतच्या प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.