पहिल्या सरीआधी कुंडीचं बूड तपासा: ऱ्हिओ, पर्पल हार्ट, झेब्रिना ही शोभेची झाडं लावणाऱ्यांसाठी

सोसायट्यांचे माळी, गच्ची-बाल्कनीत बाग करणारे आणि घोडबंदर, भिवंडी, पनवेलकडचे छोटे नर्सरीवाले, तुम्हा सगळ्यांना मृग लागायच्या आत एकच काम सांगायचं आहे. प्रत्येक कुंडी आडवी करा आणि बुडाचं भोक मोकळं आहे का ते बोट घालून बघा. बाकीचा सल्ला नंतर वाचलात तरी चालेल.

दरवर्षी जुलै अर्धा झाला की तेच चित्र दिसतं. मे महिन्याच्या उन्हात तग धरलेला ऱ्हिओ पावसात मधोमध सडतो, पर्पल हार्टच्या फांद्या बुडाशी काळ्या पडून गळून येतात, आणि मग विचारणा होते की कुठलं औषध मारू? रोग असतो खरा, पण तो मागून येतो. आधी पाणी तुंबतं. आपल्याकडे, ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. हे पाणी कुंडीतून खाली गेलं नाही, तर कुठलंही औषध त्या झाडाला वाचवत नाही.

ही तिन्ही झाडं ट्रॅडेस्कॅन्शिया वंशातली, मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. इथली उष्ण हवा त्यांना मानवते. याच वंशातली उत्तर अमेरिकेची निळ्या फुलांची जात, व्हर्जिनियाना, हल्ली ऑनलाइन बियाण्याच्या पाकिटात मिळते. तिला हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागते. ठाण्यात ती रुजली तरी फार टिकेल असं मला वाटत नाही, पैसे घालू नका.

आता पाण्याचं. या झाडांची खोडं रसाळ असतात, पाणी साठवूनच ठेवतात. अकरावीच्या प्रॅक्टिकलला ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असेल, तर एकेक पेशी पाण्याने कशी टम्म भरलेली असते ते आठवेल. अशा झाडाला पाण्याचा तुटवडा सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. मुळांना हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात आणि पिथियमसारखी मूळकुजीची बुरशी त्याच पाण्यातून मुळापर्यंत पोचते.

ओळखायचं असं. कुंडी वरून ओली आणि तरी पानं मलूल, हे पहिलं लक्षण. बहुतेकजण इथेच आणखी पाणी घालतात. तसं न करता झाड मातीच्या गड्ड्यासकट बाहेर काढा आणि एक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. निरोगी मूळ पांढरं, घट्ट असतं. कुजलेल्या मुळाची तपकिरी साल हातात निघून येते आणि मागे दोऱ्यासारखी बारीक शीर राहते. खोड बुडाशी दाबलं तर पिचकतं, आतून काचेसारखं पाणीदार दिसतं. मातीला आंबूस वास येतो. माझ्या नाकाला हा वास पानं मलूल व्हायच्या दोन-तीन दिवस आधीच लागतो, म्हणून पावसाळ्यात फेरी मारताना माती हुंगायची सवय लावून घ्या.

भोक असूनही पाणी का अडतं? बहुतेक वेळा तीन कारणं. नर्सरीतून आलेली लाल माती बारीक असते, पावसाच्या माऱ्याने ती बसते आणि भोकाशी गिलावा होतो. दुसरं, जुन्या झाडाची मुळं भोकातून बाहेर पडून तेच बुजवतात. तिसरं कारण कुंडीखालची ताटली. बाल्कनीच्या ग्रिलमध्ये खालच्या मजल्यावर पाणी पडू नये म्हणून आपण ताटली ठेवतो. पावसाळ्यात ती काढाच. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास आठवड्या-दहा दिवसांत तयार होतो. खालच्या शेजाऱ्यांशी बोलून चार महिन्यांची काही सोय करा, पण ताटली नको.

प्लास्टिकच्या कुंडीला बुडाशी एकच भोक असेल तर तापलेल्या सळईने आणखी तीन-चार पाडा, करंगळी जाईल एवढी. शिवाय बाजूच्या भिंतीला, बुडापासून बोटभर वर, दोन भोकं ठेवा. बाजूची ही भोकं कुठल्या पुस्तकातली नाहीत, पण सपाट गच्चीवर खालची भोकं फरशीला चिकटून बंद होतात तेव्हा तीच उपयोगी पडतात. कुंडीखाली विटांचे दोन तुकडे ठेवलेत तर आणखी चांगलं.

माती बदलायची असेल तर मेअखेरपर्यंत:
- लाल माती 2 भाग
- धुतलेली क्रश सँड किंवा विटांचा चुरा 1 भाग
- कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत 1 भाग
- मुरबाड-शहापूरकडून भाताचं तूस मिळालं तर दोन मुठी
- कोकोपीट पावसाळ्यापुरतं टाळा, ते पाणी धरून ठेवतं

नवी मुंबईवाल्यांनी जमिनीतल्या वाफ्यांकडे वेगळं लक्ष द्यावं. वाशी, नेरूळ, सीवूड्सचा बराच भाग खाडीकाठी भराव घालून उभा राहिला आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की गटारांचं पाणी खाडीत उतरत नाही. अशा वेळी सोसायटीच्या कंपाउंडलगत लावलेला ऱ्हिओचा पट्टा तासन्तास पाण्यात उभा असतो. वाफा निदान नऊ इंच उंच करा आणि कडेने चर काढून तो उताराला जोडा. कडेला विटा लावल्या असतील तर चार-चार विटांनंतर एक फट सोडा. दिसायला सुंदर, सलग सिमेंट केलेला वाफा म्हणजे बिनभोकाची कुंडीच.

कुज लागलेलीच असेल तर औषधाच्या दुकानाआधी कात्री घ्या. खोड खालून वर कापत जा, आतला भाग हिरवट-पांढरा आणि घट्ट लागेपर्यंत. तो शेंडा सावलीत दिवसभर सुकू द्या आणि नव्या मातीत लावा. ही झाडं पेराशी सहज मुळं धरतात, त्यामुळे जुनं झाड वाचवायच्या खटपटीपेक्षा शेंडा लावणं केव्हाही स्वस्त. शेजारच्या कुंड्यांना जपायचं असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के हे तांब्याचं बुरशीनाशक, लिटरमागे 2.5 ग्रॅम, मुळाशी ओतायचं. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, वापरत असाल तर लिटरमागे 5 ग्रॅम, पण ताम्रयुक्त औषधाबरोबर नको. दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर ट्रायकोडर्मा मरतो. आणि भोक बुजलेल्या कुंडीत यातलं काहीही ओतू नका, ते साचलेल्या पाण्यातच भर घालतं.

दुकानदार याच दिवसांत 'रूट बूस्टर', ह्युमिक, सीवीड आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाटल्या पुढे करतात. सडलेल्या मुळाला कुठल्याही बूस्टरने जीव येत नाही. पर्पल हार्ट पावसात हिरवट पडली की लोक घाबरून खत घालतात. ती कमतरता नाही, ढगाळ हवेत ऊन कमी पडल्याने रंग उतरतो. ऑक्टोबरच्या उन्हात जांभळा रंग आपोआप परततो. जुलै-ऑगस्टमध्ये नत्र दिलंत तर खोड आणखी लुसलुशीत होऊन लवकर कुजतं. किडीसाठी कुणी सुटी दाणेदार पुडी दिली तर हात लावू नका. फोरेट या विषारी दाणेदार कीटकनाशकावर देशात 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे आणि घरात मुलं, मांजरं वावरत असतात.

गोगलगाय मात्र हलक्यात घेऊ नका. मोठी आफ्रिकन गोगलगाय पहिल्या पावसानंतर बाहेर पडते आणि ऱ्हिओची कोवळी पानं रातोरात खाते. गूळपाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशी पसरा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्यात टाका. ते पाणी वाफ्यात ओतायचं नाही.

वाफ्यात उगवणारा केना याच कुळातला, पण तण म्हणून चिवट. तो जमिनीखालीही फुलतो आणि तिथेच बी धरतो, त्यामुळे नुसता वरून खुडून भागत नाही. निळं फूल दिसायच्या आत, माती ओली असताना मुळासकट उपटा.

नेहमीची कामं:
- जून पहिला आठवडा: भोकं, ताटल्या, चर
- ऱ्हिओची पिवळी खालची पानं काढणं, पोंग्यात अडकलेला पाचोळा झटकणं
- दाट झालेल्या पर्पल हार्टची छाटणी, हवा खेळती राहील इतपत
- पिठ्या ढेकूण दिसल्यास निंबोळी तेल 5 मिली आणि साबण 1 मिली प्रति लिटर, उघडीप बघून
- कापताना हातमोजे, चीक अंगाला खाजतो
- छाटलेले तुकडे नाल्यात किंवा येऊरच्या रानाकडे टाकू नका, तिथे रुजतात

एक सोय आत्ताच करून ठेवा. प्रत्येक जातीचे पाच-सहा शेंडे, दोन-तीन पेरांचे, खालची पानं काढून एका छोट्या कुंडीत लावा आणि ती छपराखाली, पाऊस थेट न पडणाऱ्या उजेडाच्या जागी ठेवा. पाणी माती वरून सुकल्यावरच. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. बाहेरचा वाफा गेला तर सप्टेंबरमध्ये त्याच रोपांवर पुन्हा लागवड होते, नर्सरीत नवी रोपं विकत घ्यावी लागत नाहीत. या कुंडीचंही भोक आधी बघा.