टोमॅटोची फुलं गळतायत? सकाळी टिचकी मारा

मार्चअखेर ऊन चढलं की कुंडीतल्या टोमॅटोला फुलं भरपूर येतात, पण देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून गळून जातात. फळ धरतच नाही.

1. सकाळी 8 ते 10 च्या दरम्यान, उमललेल्या घोसाच्या देठावर मागून हलकी टिचकी मारा. खाली काळा कागद धरलात तर पिवळसर परागकण पडताना दिसतील. एक दिवसाआड केलं तरी पुरे. हे चुकवू नका.

2. मातीवर दोन-तीन इंच वाळलेला पाला किंवा उसाचं पाचट पसरा. खोडाला मात्र चिकटू देऊ नका.

3. दुपारी 12 ते 4 शेडनेट किंवा जुनी सुती साडी वर बांधा. सकाळचं ऊन हवंच.

पाणी सकाळी, बुंध्याशी. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच घाला. दुपारी पानं मलूल झाली म्हणून लगेच तांब्या उचलू नका, संध्याकाळी बहुतेक झाडं आपोआप सावरतात. कधी कोरडं, कधी भरमसाट असं पाणी झालं, तर धरलेल्या फळाचं बूड काळं पडतं.