मॉरिशसला राहायला येणाऱ्या ताईंसाठी

कुकर कुठला आणू, मसाले किती भरू, डाळ मिळते का, नवीन येणाऱ्या जवळपास प्रत्येकीचे हेच प्रश्न असतात. सगळं मिळतं हो. शेवग्याचा पाला पण मिळतो, ब्रेड मुरूम म्हणून मागा. पाटा-वरवंटा तर अजिबात उचलून आणू नका, जुन्या घरांच्या अंगणात काळ्या दगडाचा तो अजून दिसतो, त्याला रोस कारी म्हणतात. क्रिओल, म्हणजे इथली रोजची बोली, मात्र पहिल्या आठवड्यापासून कानावर पडू द्या, नुसत्या इंग्लिशवर ऑफिस चालतं, भाजीवाली नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. इथले मराठी लोक भेटले की आपल्या लोकांची पहिली कमेंट असते, अय्या यांना मराठी नीट येत नाही! असं तोंडावर बोलू नका प्लीज. यांच्या पणज्या-खापरपणज्या इंग्रजांच्या काळात मुंबईहून जहाजात बसून आल्या, रत्नागिरी सावंतवाडीकडच्या बऱ्याच. गुलामगिरी बंद होत होती आणि ऊसमळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते म्हणून 1834 पासून करारावर माणसं आणायला सुरुवात झाली. सुरुवातीला बायका फारच कमी होत्या, नंतर सरकारनेच जहाजात बायकांचं प्रमाण ठरवून दिलं.

जहाजातून आलेल्या त्या बाईला इथे काय मिळालं, तर मळ्याच्या कॅम्पात गवताने शाकारलेली एक झोपडी. गड्याला महिना पाचेक रुपये आणि तांदूळ-डाळ, आणि एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचे, डबल कट म्हणायचे त्याला, मग नवरा तापाने पडला की महिन्याचं गणित संपलंच. म्हणून घर चालायचं ते बाईच्या गाईवर, परसातल्या भाजीवर, ती गवत कापून आणायची, दूध विकायची, काहीजणी वर मळ्यातही राबायच्या. 1867 च्या सुमारास मलेरियाची भयंकर साथ आली, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने करार संपलेल्यांनाही फोटोचा पास जवळ ठेवावा लागायचा, नसला तर पोलीस धरायचे. आपण व्हिसाच्या फॉर्मवरून केवढी कटकट करतो!

तरी त्यांनी पैसा साठवला, बऱ्याचदा दागिन्यांच्या रूपात. पुढे साखर कारखान्यांनी जमिनी तुकडे करून विकायला काढल्या तेव्हा ज्या मजूर कुटुंबांनी त्या घेतल्या त्यात ही साठवण होती, काही जमिनी तर बायकांच्याच नावावर झाल्या. माझ्या मते आज इथे मराठी माणसाचं स्वतःचं घर दिसतं त्याचं निम्मं श्रेय या गाई पाळणाऱ्या बायकांचं, भाषणात मात्र कायम पुरुषांचीच नावं येतात.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, हे मजूर जहाजातून उतरायचे ती जागा, पहिल्या मोकळ्या दिवशी जाऊन या. तिथल्या पायऱ्या चढूनच ते आत यायचे. 2 नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाची आठवण म्हणून सार्वजनिक सुट्टी असते. मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांची जुनी रजिस्टरं आहेत, नंबर, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण सगळं लिहिलेलं. कोणी शेजारी तिथला कागद तुम्हाला दाखवून हे गाव कुठे आहे विचारेल तर वेळ काढून बघा, गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, दोन-तीनदा मोठ्याने वाचलं की कोकणातलं गाव सापडतं कधी कधी. आडनावांवरून काही अंदाज बांधू नका, बरीच आडनावं म्हणजे आजोबा-पणजोबांचं नुसतं नाव आहे.

गणपतीला इथे सरकारी सुट्टी असते हे माहीत असेलच. कोणी जाखडी, म्हणजे कोकणातला गाण्यावरचा नाच, बघायला बोलावलं तर नक्की जा, विसर्जनाला समुद्रावर पण जा, डब्यात काहीतरी गोड न्या. आणि आरतीतला एखादा शब्द वेगळा ऐकू आला तरी मध्येच थांबवून दुरुस्त करू नका, सोबत म्हणा.