ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात वर्ट गार करताना

इथे उन्हाळ्यात नळालाच कोमट पाणी येतं. घरी बिअर करताना उकळता वर्ट, म्हणजे ज्याची पुढे बिअर होते तो माल्टचा गोड काढा, त्यात बुडवलेल्या तांब्याच्या कॉइलने (वेटोळी नळी, आतून नळाचं पाणी फिरतं) झपाट्याने गार होतो, पण ३५ अंशांजवळ येऊन अडतो. एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टला हवेत २० अंशांच्या आसपास. आपोआप तिथवर उतरेपर्यंत कोमट वर्ट उघडा ठेवणं म्हणजे जंतूंना आमंत्रणच.

उपाय सापडला तो छोट्या सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालणाऱ्या) पंपात. ४० अंशांपर्यंत नळाचंच पाणी सोडायचं. मग बादलीत बर्फ-पाणी घेऊन तेच पंपाने कॉइलमधून फिरवायचं. बर्फ आधीच वापरला तर उकळत्या वर्टपुढे तो टिकत नाही. आणि कॉइल सतत हलवत राहा! स्थिर ठेवली तर तिच्याभोवतीचाच थर गार होतो, बाकीचा तसाच तापलेला. फरक थर्मामीटरवर लगेच दिसतो.

मग निर्जंतुक चमच्याने एकाच दिशेने भोवरा करून १५-२० मिनिटं झाकून ठेवते. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) हिरवट गाळ मधोमध ढिगासारखा बसतो. सायफनची नळी कडेला धरली की ती तुंबत नाही. फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, मात्र वर्ट मुद्दाम उंचावरून सोडते. गार वर्टमध्ये मिसळलेला ऑक्सिजन यीस्टला लागतोच.