पहिलं कर्नल मॉड्यूल आणि मेमरीचा घोळ: या चुका टाळा

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला लिनक्सचं कर्नल मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये घालायचा कोडचा तुकडा) घेतलेली फोंड्याकडची पोरं विचारायला येतात तेव्हा रडगाणं बहुतेक एकच, इन्समॉड (मॉड्यूल लोड करायची कमांड) नीट होतं पण थोड्या वेळाने भलतीकडेच क्रॅश होतं. होणारच. मेमरी बिघडते एकीकडे आणि बोंब उठते दुसरीकडे, म्हणून उप्स (कर्नलचा एररचा रिपोर्ट) जिथे आला तिथेच प्रिंटके (कर्नलचं प्रिंटएफ) टाकत बसू नका.

नेहमीची चूक बघा. केमॅलॉकला (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) साइजऑफ देताना एक स्टार राहतो, स्ट्रक्टऐवजी पॉइंटरचा साइज जातो, म्हणजे ६४ बिटवर फक्त ८ बाइट, आणि तुम्ही त्यात कोंबता २०० बाइटचं स्ट्रक्ट. कंपायलर सहसा गप्प बसतो. डेटा शेजारच्या ऑब्जेक्टवर सांडतो, ते असतं दुसऱ्याच कुणाचं, आणि मरतो तो बिचारा. हेच केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलमधलंच टूल) चालू केलेल्या कर्नलवर चालवा, डीमेसेगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) थेट स्लॅब-आउट-ऑफ-बाउंड्स येतं, लिहिलं कुठे नि अलोकेट कुठे केलं, दोन्ही ट्रेससकट. २०१५ पासून, म्हणजे ४.० पासून हे मेनलाइनमध्ये आहे, तरी पोरं चालू करत नाहीत! मेमरीचा आठवा हिस्सा शॅडोला (केएसॅनच्या नोंदवहीला) जातो, तेव्हा व्हीएमला (व्हर्च्युअल मशीनला) रॅम सढळ हाताने द्या. आणि हो, व्हीएमच वापरा, रोजचा लॅपटॉप नको.

स्पिनलॉक (ज्यात झोपायला बंदी असते असं कुलूप) धरून किंवा टायमर कॉलबॅकमध्ये केमॅलॉकला जीएफपी-कर्नल हा फ्लॅग देऊ नका, ते मेमरीची वाट बघत झोपू शकतं. तिथे जीएफपी-अ‍ॅटॉमिक, आणि नल चेक कराच.

मोठा बफर केमॅलॉकने मागितला की फेल होऊ शकतो, फ्री मेमरी भरपूर दिसत असूनही. पणजी-मडगाव शटलमध्ये दहा सीटा रिकाम्या असतात पण चौघांना सलग मिळत नाहीत ना, तसंच, केमॅलॉकला फिजिकल पानं सलग लागतात. डीएमए (डिव्हाइसने थेट मेमरी वापरणं) नसेल तर केव्हीमॅलॉक घ्या, त्याला सलग पानं नसली तरी चालतं, सोडताना केव्हीफ्री.

उप्समध्ये ६बी६बी६बी दिसलं तर फ्री केलेलं वापरताय, फक्त त्यासाठी बूटला स्लब-डीबगचं पॉइझनिंग (फ्री केलेल्या मेमरीत हाच पॅटर्न भरणं) चालू हवं.

इनिट (मॉड्यूल लोड होताना चालणारं फंक्शन) अर्ध्यात फेल झालं तर एक्झिट फंक्शन कर्नल बोलावतच नाही, तोवर घेतलेलं सगळं गोटू लावून उलट्या क्रमाने तिथेच सोडायचं. आरएममॉड करून मॉड्यूल काढलं म्हणून केमॅलॉकची मेमरी आपोआप परत येत नाही, ती रीबूटपर्यंत अडकते. संशय असेल तर केमेमलीकच्या (न सोडलेली मेमरी शोधणारं कर्नलचं टूल) फाइलमध्ये स्कॅन लिहा, थोडं थांबून परत एकदा लिहा, मग ती फाइल कॅट करून वाचा.