जर्मनीत जीएमबीएचचे डायरेक्टर आहात? कंपनी गाळात जायला लागली की या चुका टाळा

जर्मनीत जीएमबीएच, म्हणजे तिथली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, बुडली की डायरेक्टरच्या घरावर येतं असं सांगितलं की आपले लोक म्हणतात, अहो पण ती लिमिटेड लायबिलिटी आहे ना. आहे की, पण शेअरहोल्डरसाठी. गेशेफ्ट्सफ्युरर, म्हणजे कंपनी चालवणारा डायरेक्टर, म्हणून ज्याचं नाव कंपनी रजिस्टरला लागलंय त्याच्यासाठी तिथल्या इन्सॉल्व्हन्सी कायद्याचं कलम १५अ आणि १५ब वेगळंच बोलतं. आणि कार्ल्सरूहच्या बीजीएचचे, म्हणजे तिथल्या दिवाणी-फौजदारी बाबतीतल्या सर्वोच्च कोर्टाचे, निकाल वाचत गेलं की एक गोष्ट सारखी दिसते. अडकणारे सगळे लबाड नसतात, बरेचसे शेवटपर्यंत सगळ्यांचे पैसे चुकते करत राहिलेले सरळ लोक असतात, आणि नेमकं तेच त्यांना नडतं.

पहिली चूक भारतातून सोबत आणलेली असते. आपल्याकडे २०१६ च्या आयबीसीत, म्हणजे दिवाळखोरी कायद्यात, कंपनी पैसे देऊ शकत नाही म्हणून डायरेक्टरने अमुक दिवसांत स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज टाकावा अशी सक्ती नाही, अर्ज बहुतेक वेळा बँक नाहीतर एखादा सप्लायर टाकतो (लबाडीने किंवा बेपर्वाईने धंदा चालवणाऱ्या डायरेक्टरला धरणारं कलम ६६ आहे, पण त्याचा धाक रोजच्या कामात कुणाला फारसा जाणवत नाही). त्यामुळे पुण्याहून जर्मन सबसिडियरीवर गेलेला माणूस वाट बघत बसतो. तिथे मात्र अर्ज टाकणं ही डायरेक्टरची स्वतःची ड्युटी आहे, देणी देता येईनाशी झाली तर जास्तीत जास्त ३ आठवडे, देणी मालमत्तेपेक्षा जास्त होऊन पुढच्या १२ महिन्यांत कंपनी तगण्याची शक्यता न तगण्यापेक्षा जास्त नसेल तर जास्तीत जास्त ६ आठवडे, आणि नाही टाकला तर ३ वर्षांपर्यंत कैद. हे ३ आठवडे म्हणजे हक्काची सुट्टी समजू नका. कायद्यात "विनाविलंब" आहे आणि ३ आठवडे ही शेवटची हद्द आहे, म्हणजे खरोखर पैसा येण्याची शक्यता असेल तरच तेवढं थांबायचं, इन्व्हेस्टर कालच नाही म्हणाला असेल तर आजच अर्ज.

"अजून पैसे आहेत की बँकेत"

हे वाक्य सगळ्यात महाग पडतं, म्हणून जरा आकडे मांडून बघू. समजा आज तुमची २ लाख युरोची बिलं देय झालीत. बँकेत १ लाख २० हजार आहेत, येत्या ३ आठवड्यांत कस्टमरकडून १ लाख ३० हजार येणार. बेरीज अडीच लाख, देणं दोन लाख, म्हणजे मस्त चाललंय, असंच ना? पण याच ३ आठवड्यांत आणखी १ लाखाची बिलं देय होणार आहेत, ती धरलीच नाहीत. पूर्वी यावर वाद होता, ही नवी देणी धरायची का नाही, त्यामुळे बरेच जण ती पुढे ढकलत राहायचे. बीजीएचने डिसेंबर २०१७ मध्ये सांगून टाकलं की धरायची. मग देणं झालं ३ लाख, हातात अडीच, कमी पडले ५० हजार, म्हणजे सोळा-सतरा टक्के. आणि २००५ च्या निकालापासून हद्द आहे १० टक्क्यांची, तूट १० टक्के किंवा जास्त असली की कंपनी दिवाळखोर धरली जाते, तसं नको असेल तर ती तूट लवकरच जवळपास पूर्ण भरून निघणार हे जवळजवळ नक्की असल्याचं तुम्ही दाखवायचं. दहाच्या खाली असलात तरी निर्धास्त होऊ नका, लवकरच ती वर जाणार असं दिसत असेल तर ती सवलतही नाही.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण तोच चालतो, दर आठवड्याला तारीख टाकून हा हिशेब करायचा आणि पीडीएफ करून ठेवायचा. जो सप्लायर "असू दे हो, पुढच्या महिन्यात द्या" म्हणतो त्याच्याकडून ते ईमेलवर घ्यायचं, रीतसर मुदत वाढवून मिळालेलं बिल देय धरत नाहीत, फोनवरचं बोलणं दोन वर्षांनी कोण सिद्ध करणार. तीच गोष्ट भारतातल्या हेड ऑफिसची. "पैसे पाठवतोय, काळजी करू नकोस" हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज हिशेबात धरता येत नाही. पेरेंट कंपनीने कायदेशीर बांधील होऊन लिहून दिलं पाहिजे, आणि परदेशी गुंतवणुकीचे कागद पुरे होऊन भारतातल्या बँकेतून पैसे निघेपर्यंत वेळ जातो हेही धरा.

हिशेबच ठेवले नाहीत तर काहीच सिद्ध होणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी २०१२ चा निकाल आहे, डायरेक्टरने वह्या ठेवायची आणि जपायची जबाबदारी मोडली असेल तर कंपनी तेव्हा दिवाळखोर होती हे सिद्ध झालंच असं कोर्ट धरू शकतं.

आता पैसे देण्याचं. कंपनी दिवाळखोर झाल्यावर तुम्ही ज्याला ज्याला पैसे दिलेत ते सगळे नंतर कोर्टाने नेमलेला दिवाळखोरी प्रशासक तुमच्याकडून वैयक्तिक मागू शकतो. २०२० च्या शेवटापर्यंत हे जीएमबीएच कायद्याच्या कलम ६४ मध्ये होतं, १ जानेवारी २०२१ पासून ते १५ब मध्ये आलं. तुम्ही स्वतः एक युरो घेतला नसला तरी. चोर सोडून संन्याशाला फाशी वाटेल, पण तर्क असा की एका सप्लायरला दिलेले पैसे बाकीच्या सगळ्यांच्या वाट्यातून गेले. १५ब ने थोडी ढील दिली, मुदतीच्या आत, तुम्ही मनापासून कंपनी सावरायचा किंवा अर्जाचा प्रयत्न करत असाल तर रोजच्या धंद्यातली देणी चालतात. मुदत उलटून गेली की सहसा काहीच चालत नाही. क्रेडिटरचं खरं नुकसान कमी झालं असेल तर तेवढंच भरायचं अशी सोयही आता आहे, फक्त ते सिद्ध करणं तुमच्या माथ्यावर.

लोकांना सुचतच नाही अशी एक गोष्ट म्हणजे ओव्हरड्राफ्टचं खातं. खातं उणे ९० हजारावर आहे, कस्टमरने ४० हजार टाकले, तुम्ही खूश. कोर्टाच्या नजरेत तुम्ही आत्ता बँकेला ४० हजार दिलेत! बीजीएचने हे १९९९ मध्ये चेकबद्दल सांगितलं आणि २०१५ मध्ये पुन्हा बारकाईने मांडलं. म्हणून शंका आली की दुसऱ्या बँकेत, जिथे कर्ज नाही, तिथे नवं खातं उघडायचं आणि त्याच दिवसापासून इनव्हॉइसवर नवा आयबॅन, म्हणजे तिथला खाते नंबर, टाकायचा, जुन्या कस्टमरला वेगळं कळवायचं. बँक मॅनेजर नाराज होईल, होऊ दे.

पगार, वीज, फोन यांबद्दल "मोबदला मिळालाच की" हा बचाव २०१७ च्या निकालानंतर लंगडा झालाय, कारण कामगाराने केलेलं काम किंवा जळलेली वीज क्रेडिटरना वाटून देता येत नाही. उलट कच्चा माल आला असेल तर तो मोबदला धरला जाऊ शकतो.

मग काहीच द्यायचं नाही का? इथे दुसरी बाजू आहे. पगारातून कापलेला कर्मचाऱ्याचा सोशल इन्शुरन्सचा हिस्सा भरला नाही तर फौजदारी कलम २६६अ लागतं. तो भरला म्हणून डायरेक्टरला दोष देता येत नाही असं बीजीएचने २००७ मध्ये मान्य केलं, पण २००९ मध्ये म्हटलं की कंपनीचा हिस्सा भरलात तर तो तुमच्या खिशातून. त्यामुळे आरोग्य विमा फंडाला नुसतीच रक्कम पाठवू नका. ही फक्त कर्मचाऱ्यांच्या अमुक महिन्याच्या हिश्श्यापोटी आहे असं ट्रान्सफरच्या मजकुरात स्पष्ट लिहा, नाहीतर ती दोन्हींत वाटली जाते आणि तुम्ही दोन्हीकडून लटकता.

"फायनान्स माझ्याकडे नव्हतं"

दोन डायरेक्टर, एक टेक्निकल एक फायनान्सवाला, हे अगदी कॉमन. २०१८ च्या निकालानुसार कामाची वाटणी मान्य आहे, लेखीच पाहिजे असंही नाही, पण ती स्पष्ट हवी आणि दुसऱ्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी सुटत नाही, दिवाळखोरीच्या बाबतीत तर ती फारच कडक मोजतात. "तो म्हणाला सगळं ठीक आहे" एवढ्यावर सुटका नाही, बँक स्टेटमेंट मागायचं. सल्लागाराचंही तसंच, २०१२ च्या निकालाप्रमाणे जाणकार माणूस हवा, त्याला सगळी खरी माहिती द्यायला हवी, प्रश्न नेमका "कंपनी दिवाळखोर आहे का" हाच हवा, उत्तर लवकर मागायला हवं आणि आल्यावर ते पटतं का हे स्वतः तपासायला हवं. वार्षिक ताळेबंद करणारा अकाउंटंट काही बोलला नाही, ही सबब नाही.

काही जण इंग्लंडची लिमिटेड काढून जर्मनीत धंदा करायचे, म्हणजे जर्मन नियम लागणार नाहीत. युरोपियन कोर्टाने १० डिसेंबर २०१५ ला तेही बंद केलं.

आणि राजीनामा. हा तर सगळ्यांचा आवडता उपाय, वेळेत अर्ज टाकायचा नाही आणि परिस्थिती बिघडली की गुपचूप बाहेर पडायचं. कंपनी आतून दिवाळखोर असताना नव्याने व्यवहार करून फसलेल्या माणसाला पूर्ण नुकसानभरपाई मिळू शकते हे बीजीएचने १९९४ मध्येच ठरवलं होतं. २३ जुलै २०२४ ला त्याच्या पुढे गेले, तुम्ही गेल्यानंतर ज्याने कंपनीशी करार केला त्याचंही नुकसान तुमच्यावर येऊ शकतं, जर तुम्ही अर्ज न टाकल्याने तयार झालेला धोका तेव्हाही तसाच असेल. म्हणून सोडायचंच असेल तर आधी अर्जाचं बघा आणि मग सोडा. जाताना तुमच्या काळातल्या हिशेबांच्या, ईमेलच्या, ठरावांच्या कोणत्या कॉपी कायदेशीरपणे जवळ ठेवता येतील ते वकिलाला विचारून घ्या, कारण दावा ५ वर्षांपर्यंत येऊ शकतो आणि तेव्हा तुम्हाला कंपनीच्या सर्व्हरचा पासवर्ड कोणी देणार नाही. डी अँड ओ इन्शुरन्स, म्हणजे डायरेक्टरवर येणाऱ्या दाव्यांचा विमा, असेल तर २०२० च्या निकालाने हे दावे त्यात बसतात, मात्र जाणूनबुजून कर्तव्य मोडलं असेल तर विमा कंपनी हात वर करते, आणि दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीची पॉलिसी बघतात. तुम्ही सोडल्यावर किंवा प्रीमियम थकल्यावर किती वर्षं मागाहून दावा कळवता येतो ते कलम आजच उघडून वाचा.