मुलींच्या संघासाठी निधी उभा करताना: खुराक, प्रवासभाडे आणि सोबत

मराठवाड्यातील एखाद्या खेड्यात मुलींचा खो-खो किंवा कबड्डीचा संघ उभा राहिला, की मदत म्हणून सर्वांत आधी येते ती जर्सी. तिच्या पाठीवर देणाऱ्याचे नाव छापता येते, वाटपाचा कार्यक्रम करता येतो आणि छायाचित्रही निघते. आमच्या खो-खो संघाला मिळालेली पहिली देणगीसुद्धा पंधरा जर्सींचीच होती, आणि त्या सगळ्या मोठ्या पुरुषांच्या मापाच्या होत्या. मुलींनी त्या खांद्यावर सेफ्टी पिना लावून आवळून घेतल्या. तालुक्याच्या स्पर्धेत एकीने सूर मारला तेव्हा पिन उघडून तिच्या खांद्यात रुतली. त्या दिवशी पंधरापैकी अकराच मुली मैदानावर आल्या होत्या. दोघींच्या घरी बसभाड्याला पैसे नव्हते आणि दोघींना सोबत कोणी बाई माणूस नाही म्हणून घरच्यांनी पाठवले नव्हते. मुलगी मैदानापर्यंत का पोहोचत नाही, हे आधी शोधावे आणि पैसा त्याच कारणासाठी मागावा, असे मी तेव्हापासून सांगत आले आहे.

म्हणून निधीचे काम पावती पुस्तकापासून सुरू करू नये. प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन, शक्यतो आई रानातून परतल्यावर संध्याकाळी, बसून बोलावे. घरोघरची कारणे निराळी निघतात. कुठे धाकट्या भावाला सांभाळायला दुसरे कोणी नसते, कुठे पाळीच्या दिवसांत मुलगी सरावाला येत नाही आणि त्याचे कारणही सांगत नाही, तर कुठे सराव संपेपर्यंत अंधार पडतो आणि वस्तीची वाट निर्जन असते. ही कारणे वहीत लिहावीत, प्रत्येकासमोर उपाय लिहावा आणि उपायासमोर रुपये मांडावेत. निधीचे अंदाजपत्रक म्हणतात ते हेच.

उदाहरणादाखल पंधरा मुली आणि आठ महिन्यांचा सराव धरू. दर आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत. भुईमुगाचे शेंगदाणे, गूळ आणि एक अंडे किंवा केळे असा खुराक रोज १२ रुपयांत बसतो असे मानले, तर महिन्याच्या २४ दिवसांचे एका मुलीचे २८८ रुपये, पंधरा मुलींचे ४,३२० आणि आठ महिन्यांचे ३४,५६० रुपये होतात. सरावाला आणि स्पर्धेला सोबत राहणाऱ्या गावातील एखाद्या ताईला महिना २,००० रुपये मानधन दिले, तर त्याचे १६,००० होतात. पंधरा मुली, ताई आणि प्रशिक्षक अशा सतरा जणांच्या पाच प्रवासांना, दर माणशी जाऊन-येऊन १६० रुपये धरून, १३,६०० लागतात. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.मध्ये महिलांना अर्धे तिकीट असल्याने हा खर्च बराच खाली आला आहे, तो जुन्या दराने मांडू नये. बूट १०,५००, नी-कॅप ३,७५०, सॅनिटरी पॅड आणि प्रथमोपचार पेटी ६,०००, आणि काळ्या मातीच्या मैदानावर मुरूम व लाल माती टाकून रोलर फिरवणे, फक्कीने (पांढऱ्या पुडीने) रेषा मारणे यासाठी ८,००० धरले, की एकूण बेरीज ९२,४१० रुपये येते. एका मुलीच्या वाट्याला साधारण ६,२०० रुपये पडतात. या बेरजेत जर्सी नाही हे लक्षात येईल. ती कोणी ना कोणी देतेच. फक्त मापे आधी कळवावीत.

या यादीत सर्वांत मोठा आकडा खुराकाचा आहे आणि सर्वांत अवघड मागणीही तीच, कारण खाण्यासाठी पैसे मागणे अनेकांना कमीपणाचे वाटते. तसे वाटू देऊ नये. पैलवानाचा खुराक हा शब्द आपल्या गावांना परका नाही. तालमीतल्या पोराला दूध-बदाम कोणी दिले तर त्यात कोणाला गैर वाटत नाही. मुलीच्या खुराकाला तोच शब्द वापरावा, म्हणजे ऐकणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरी दिवसातून एकदाच जेवण मिळण्याचे दिवस आपण काढले, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १९ जानेवारी २०२५ रोजी पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले, त्या संघाच्या कर्णधार प्रियंका इंगळे मूळच्या बीड जिल्ह्यातल्या. मागणीपत्रात ही दोन नावे लिहावीत. ती आपल्या मातीतली आहेत आणि वाचणाऱ्याच्या ओळखीची आहेत.

आता कधी मागावे, याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक संघांची फसगत इथेच होते. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, म्हणजे बूट, भाडे आणि खुराक यांची गरज जुलै ते सप्टेंबरमध्ये पडते. नेमका तेव्हा सगळा पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो आणि गावात कोणाच्याही हाती रोकड नसते. पैसा येतो तो सोयाबीन मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आल्यावर, दिवाळीच्या आगेमागे, आणि त्यानंतर कापूस व तुरीच्या वेळी. म्हणून या वर्षीच्या सुगीत पुढच्या पावसाळ्याचा निधी गोळा करावा आणि तो बँकेत वेगळा ठेवावा. पहिले वर्ष त्यामुळे ओढाताणीचे जाते. त्या वर्षापुरता आवाका लहान ठेवून दोनच स्पर्धा खेळाव्यात, पण चक्र फिरवूनच घ्यावे.

मोंढ्यात जाताना आकडा हाती घेऊन जावे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मुलींच्या परिस्थितीबद्दल बराच वेळ बोलत राहिले. आडत दुकानाच्या गादीवर बसलेल्या काकांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ताई, एका लेकराचा महिन्याचा खर्च किती?" मला सांगता आले नाही, आणि त्यांनी शंभराची नोट देऊन मला वाटेला लावले. पुढच्या वर्षी मी २८८ हा आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी दोन मुलींचा आठ महिन्यांचा खुराक उचलला आणि शेजारच्या दुकानात स्वतः घेऊन गेले. एक मुलगी-एक महिना, एक प्रवास, एक जोडी बूट अशा मापात मागितले, की हमाल-मापाडीसुद्धा आपल्या ऐपतीप्रमाणे वाटा उचलू शकतो.

यात्रा कमिटी हा दुसरा मोठा आधार आहे. यात्रेतील कुस्त्यांच्या इनामासाठी गाव वर्गणी काढतेच. त्याच दिवशी सकाळी मुलींचा एक सामना ठेवण्याची आणि वर्गणीतील ठरावीक भाग संघाला देण्याची विनंती महिनाभर आधी लेखी करावी. पुण्यात, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत नोकरीला गेलेली गावची मुलेही यात्रेला परततात. महिन्याला शंभर-दोनशे रुपये नियमित पाठवण्याची त्यांची तयारी असते. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर दर महिन्याला झालेला खर्च कळवत राहिले, तर ती टिकते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगांकडून मात्र पैसे घेऊ नयेत, कारण त्याला परकीय योगदान कायद्याची नोंदणी किंवा परवानगी लागते.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी लागते. पुढील वर्षाचे अंदाजपत्रक आधीच तयार होत असल्याने अर्ज दिवाळीनंतर लगेच द्यावा, आणि ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिलांच्या सभेत मुलींच्या आयांनीच तो विषय मांडावा. मैदानाच्या कामासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात क्रीडांगण विकासाच्या योजनेची चौकशी करावी.

वाळूज, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांकडे जाण्याची घाई करू नये. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) कामांच्या यादीत, ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण स्पष्टपणे नमूद आहे हे खरे; पण हा सामाजिक दायित्वाचा पैसा सर्वसाधारणपणे तीन वर्षे काम केलेल्या, नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो. जाहिरातीच्या बदल्यात दिलेले प्रायोजकत्व त्यात धरले जात नाही, हेही कंपनीच्या माणसाशी बोलताना ठाऊक असावे.

नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. गणेश मंडळे घेतात तीच ही परवानगी. दुसरा सोपा मार्ग म्हणजे विश्वासाच्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात पैसे घेणे. क्यू-आर कोड संस्थेच्या खात्याचाच असावा, प्रशिक्षकाच्या वैयक्तिक खात्याचा कधीही नसावा. पैसे काढायला दोन सह्या लागाव्यात आणि त्यांतली एक संस्थेवर असलेल्या एखाद्या आईची असावी. पावत्यांना छापील क्रमांक असावेत आणि स्थळप्रती जपून ठेवाव्यात. देणगीदाराला मिळणाऱ्या, ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर सवलतीचे आश्वासन जपून द्यावे: संस्थेला ती मान्यता असली, तरी २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीलाही ती मिळत नाही.

एका बाबतीत तडजोड करू नये. बूट देताना मुलीला व्यासपीठावर बोलावून, तिच्या घरची हलाखी माइकवरून सांगून टाळ्या घेऊ नयेत. देणाऱ्याला मैदानावर बोलवावे, सामना दाखवावा, आणि छायाचित्र घ्यायचेच तर आई-वडिलांच्या संमतीने, खेळतानाचे घ्यावे. उद्या तीच मुलगी शाळेत मैत्रिणींच्या शेजारी बसणार असते.

बीड, जालना, परभणीच्या अनेक गावांत दसरा-दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला जातात आणि संघातील निम्म्या मुली त्यांच्यासोबत निघण्याच्या बेतात असतात. मुकादमाची उचल घेतली जाण्याआधी, म्हणजे पावसाळ्यातच, या घरांशी बोलावे. हंगामी वसतिगृह किंवा संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत जागा मिळते का, हे मुख्याध्यापकांकडून पाहून घ्यावे; मुलगी आजीजवळ राहणार असेल, तर किराण्याचा काही भार निधीतून उचलावा आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ ठेवावी. आमच्याकडे या ओळीवर तीन मुली मागे राहिल्या. त्यांचा हिशेब बाकीच्या खर्चासोबत २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर फळ्यावर लिहिला जातो, नावे न घेता, आणि आयांपैकी एक जण तो मोठ्याने वाचते. शिल्लक रकमेखाली जुलैच्या पहिल्या प्रवासाची तारीख लिहिलेली असते.